निरंक

माझी भाची पायलटचं शिक्षण घेतेय. गणपतीत सांगलीला घरी आली होती. जेवताना अहमदाबादच्या विमान अपघाताचा विषय निघाला आणि दाजी म्हणाले, "काही म्हणा, शेवटी चूक पायलटचीच असते." भाचीनं घास ताटात ठेवला. म्हणाली, "बाबा, अहमदाबादचं मी बोलणार नाही. मंगळूरचा अहवाल मी वाचलाय, तो सांगते."

२२ मे २०१०. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला उतरत होतं. उंची जास्त, वेग जास्त. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते, घोरण्याचा आवाज कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. सहवैमानिकानं तीनदा 'गो अराउंड' म्हटलं, म्हणजे उतरू नका, परत वर चला. कॅप्टननी उतरवलंच. विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरची धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ माणसं गेली, ८ वाचली. अहवालानं ठपका कॅप्टनवर ठेवला, पण त्यात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. अशा वेळी सहवैमानिकानं स्वतः विमान वर न्यायचं की नाही, याबद्दलच्या सूचनांमध्येच संदिग्धता होती.

"मामा, तो तीनदा बोलला," भाची म्हणाली. "पुढं बोलून भागणार नव्हतं, कंट्रोल हातात घ्यायला हवं होतं. पण तसं केल्यावर कंपनी आपल्या पाठीशी उभी राहील, असा भरवसा त्याला कुणी आधी दिला होता का?"

दाजी गप्प झाले. मीही. मला आमचं रजिस्टर आठवलं.

मी कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. आमच्याकडे निअर मिस रजिस्टर आहे. अपघात होता होता वाचला, तर तो त्यात लिहायचा. लाल बांधणी, आखीव पानं, प्रत्येक महिन्याच्या पानावर आडवा शब्द: निरंक, म्हणजे नोंद काही नाही. खाली माझी सही. अशी सलग ११ पानं होती. बाराव्या महिन्यात दोन नंबर बेमधल्या (शेडच्या भागातल्या) क्रेनचा हुक वर जाऊन अडकला, वायर रोप तुटला आणि मोल्ड बॉक्स, म्हणजे साच्याची जड पेटी, खाली आला. एका हेल्परच्या पायाची तीन बोटं गेली. हुक ठरावीक उंचीवर गेला की मोटर बंद करणारा लिमिट स्विच असतो. तो चालतच नव्हता. हे तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरांना ठाऊक होतं. 'लिहिलं का नाही?' विचारल्यावर त्यातला सगळ्यात जुना माणूस मला म्हणाला, "साहेब, मागं एकानं लिहिलं होतं. त्याला केबिनमध्ये अर्धा तास उभा केला. 'तुलाच बरं दिसतंय सगळं? लई शहाणा झालास काय?' वर त्या महिन्याचा डिपार्टमेंटचा सेफ्टी बोनस गेला. मग पोरांनीच त्याला दम भरला."

आमच्या गेटवर 'अपघातविरहित दिवस' असा मोठा बोर्ड होता आणि त्यावरचा आकडा वाढत होता. तो वाढावा म्हणून माणसं गप्प बसत होती.

विमान क्षेत्रातही वेगळं काही घडलेलं नाही, फक्त तिथं माणसं शेकड्यांनी जातात. आमच्यासारख्या वर्कशॉपच्या माणसाला अलास्का एअरलाइन्सची गोष्ट लगेच कळेल. ३१ जानेवारी २००० ला त्यांचं विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, ८८ जण गेले. शेपटीचा आडवा पंख हलवणारा एक लांब स्क्रू आणि त्यावरचा नट असतो. त्या नटाचे आटे पूर्ण झिजले होते. कारण ग्रीस. कंपनीनं ग्रीस लावायची मुदत वाढवत नेली होती आणि सरकारी यंत्रणेनं त्याला मान्यता दिली होती. १९९७ च्या मोठ्या तपासणीत त्याच नटाचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, मर्यादेला टेकलेला सापडला होता, ०.०४० इंच. नट बदलायचा असं कागदावर लिहिलंही गेलं. पुढं पुन्हा मोजला, ०.०३३ आला, विमान सोडलं. दोन वर्षं चार महिन्यांनी ते पडलं. ज्यानं 'बदला' असं लिहिलं, त्यानं आपलं काम केलं होतं. ग्रीसची मुदत वाढवायचा निर्णय ग्रीस गन धरणाऱ्यानं घेतलेला नसतो. तो वर, केबिनमध्ये होतो.

आणि १९७८ चं अमेरिकेतलं पोर्टलँड. युनायटेड एअरलाइन्सचं विमान, चाकं नीट उतरली आहेत की नाही या शंकेत कॅप्टन तासभर घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आलंय हे फ्लाइट इंजिनिअरला दिसत होतं. त्यानं सांगितलं, पण अदबीनं, आडून. इंजिनं बंद पडली, दहा जण गेले. त्यानंतर युनायटेडनं कॅप्टनला ऐकायला आणि हाताखालच्यांना स्पष्ट बोलायला शिकवणारं प्रशिक्षण सुरू केलं. आज जगभर ते सक्तीचं आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासाकडे अशी व्यवस्था आहे की वैमानिकानं नकळत झालेली चूक स्वतः कळवली, तर नाव गुप्त राहतं आणि दंडही होत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्यांपुढे बोलू नये हे आपण घरातूनच शिकून आलेलो असतो. वरिष्ठाला चूक दाखवली की आगाऊपणा ठरतो. ही सवय भिंतीवर पोस्टर लावून किंवा सेफ्टी वीकमध्ये शपथ घेऊन जात नाही. बोलणाऱ्याचं पुढं काय झालं, हे सगळे बघत असतात, आणि ते ठरवणं मालकाच्या आणि मॅनेजरच्याच हातात आहे. म्हणून अपघातानंतर खालच्या माणसाचं नाव पुढं आलं की मला राग येतो.

गणपती झाल्यावर मी आमच्या मॅनेजरसाहेबांशी दोनदा बोललो. बोनस अपघाताच्या आकड्याला बांधायचं बंद झालं. गेटवरचा बोर्ड उतरवला. मग सोमवारी पहिल्या शिफ्टला मी स्वतः रजिस्टरात लिहिलं: 'क्रेन नंबर तीन, ब्रेक लावल्यावरही लोड सरकतो.' खाली माझं नाव. दुपारपर्यंत क्रेन बंद ठेवून ब्रेकचं लायनिंग बदललं.

शनिवारपर्यंत आणखी चार नोंदी झाल्या. चौथी अशी आहे: 'सुपरवायझर तपासणीच्या दिवशी बेमध्ये न येता सही करतात.' ती खरी आहे. तिच्याखाली मी सही केली आहे.