कारियसचं करिअर खरंच ‘एका रात्रीत’ संपलं?

युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल जवळ आली की एक पोस्ट हमखास फिरते. लिव्हरपूलचा तेव्हाचा गोलकीपर लॉरिस कारियस याचा रडवेला फोटो आणि खाली तीन वाक्यं: ‘याच्यामुळे लिव्हरपूल हरलं. नंतर डोक्याला मार लागल्याचं निमित्त पुढे केलं. एका रात्रीत करिअर संपलं.’ फोटो खरा आहे, पण खालची वाक्यं तपासायला हवीत.

26 मे 2018, कीव, चॅम्पियन्स लीगची फायनल. रियल माद्रिद 3, लिव्हरपूल 1. यातले दोन गोल कारियसच्या चुकांचे, त्यात वाद नाही. 51व्या मिनिटाला त्याने हाताने फेकलेला बॉल रियलच्या बेन्झेमाने मध्येच पाय घालून जाळ्यात वळवला. 83व्या मिनिटाला रियलच्याच बेलचा लांबून आलेला शॉट त्याच्या हातांतून निसटला. पण पहिल्या गोलनंतर चारच मिनिटांत लिव्हरपूलच्या मानेने बरोबरी साधली होती. सामना फिरवला तो बेलच्या ओव्हरहेड किकने, आणि ती कुठल्याही गोलकीपरच्या आवाक्याबाहेरची होती. लिव्हरपूलचा आघाडीचा गोल करणारा सालाह तर अर्ध्या तासातच खांदा धरून बाहेर गेला होता.

निमित्ताचा आरोप तर मला सरळ अन्याय वाटतो. पहिल्या चुकीच्या काही मिनिटं आधी रियलचा बचावपटू रामोस याचं कोपर कारियसच्या डोक्याला बसलं होतं. सामन्यानंतर कारियसने त्याचं निमित्त केलं नाही; प्रेक्षकांपुढे जाऊन रडत माफी मागितली. पाच दिवसांनी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली. सामन्यातच मेंदूला धक्का बसला असावा, नजरेने अंतर जोखण्यात त्यामुळे बिघाड झाला असावा आणि खेळावर त्याचा परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. चूक त्यामुळेच झाली असं यातून सिद्ध होत नाही. पण याला बहाणा म्हणणाऱ्याने आधी तो अहवाल खोडून दाखवावा.

आता ‘एका रात्रीत’. मुळात त्याची जागा कधी पक्की नव्हतीच. 2016 मध्ये माइंझ या जर्मन क्लबमधून लिव्हरपूलला आला, सरावाच्या दौऱ्यात हात मोडला, डिसेंबरमध्ये आधीचा गोलकीपर मिन्योले याने जागा परत घेतली. 2018च्या जानेवारीत ती पुन्हा मिळाली. कीवनंतर दोन महिन्यांच्या आत क्लबने ॲलिसन या नव्या गोलकीपरला आणलं. बाकी खेळाडूंना एक जागा गेली तर दुसरीकडे खेळवता येतं. गोलकीपरची जागा एकच. पहिला धडधाकट असेल तर दुसरा महिनोन्महिने बाकावर.

आणि ‘संपलं’ म्हणाल, तर तो लगेच उसनवारीने (लोनवर) तुर्कीच्या बेशिक्ताश क्लबकडे गेला आणि दोन हंगाम नियमित खेळला. तिथून बाहेर पडला तो पगार थकल्याचं सांगून. खरा दुष्काळ त्यानंतरचा: जर्मनीच्या युनियन बर्लिनमध्ये मोजके सामने, मग लिव्हरपूलमध्ये परतल्यावर एकही नाही.

26 फेब्रुवारी 2023ला न्यूकॅसल या इंग्लिश क्लबकडून तो लंडनच्या वेम्बलीवर इंग्लंडच्या लीग कपची फायनल खेळला. पहिला गोलकीपर निक पोप याला आधीच्या आठवड्यात लाल कार्ड मिळालेलं, दुसरा गोलकीपर दुब्रावका त्याच स्पर्धेत मँचेस्टर युनायटेडकडून खेळून बसलेला, त्यामुळे दुसऱ्या क्लबकडून उतरता येत नव्हतं, म्हणून कारियस उभा राहिला, दोन वर्षांतल्या पहिल्या सामन्याला. न्यूकॅसल 2-0 हरलं, पण त्याने काही सुरेख बचाव केले. दोन वर्षं सामना न खेळलेल्या माणसाने! हा फोटो कुणी फिरवत नाही.

2025च्या जानेवारीत शाल्के या जर्मन क्लबने त्याला घेतलं. पुढचा हंगाम जर्मनीच्या दुसऱ्या विभागात सुरू झाला तेव्हा गोलमध्ये तोच होता.