काका, पाना खाली ठेवा

घरी बांधलेल्या गाडीखाली माणूस आडवा दिसला की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, याला आता आपणच वाचवायचं. मला वाचवायला शेजारचे काका आले.

मागचा ॲक्सल बसवणं चालू होतं. ॲक्सलला चॅसीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारे दांडे म्हणजे लिंक: खाली दोन, वर मधोमध एक. आणि ॲक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून आडवा पॅनहार्ड रॉड, एक टोक चॅसीला, दुसरं ॲक्सलला. स्प्रिंगा काढलेल्या. चालकाच्या वजनासकट गाडी जेवढी बसते ती उंची आधी मोजून शॉक ॲब्सॉर्बरच्या जागी तेवढ्याच लांबीच्या लोखंडी पट्ट्या लावलेल्या. चाकं लटकत ठेवून मापं घेणारेही लोक असतात. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. ओळंबा सोडून चॅसीची मध्यरेषा खडूने जमिनीवर उतरवली होती.

"भिंत बांधताय?"

"नाही काका, ॲक्सल मध्यरेषेला काटकोनात आहे का बघतोय."

"एवढं डोळ्यांना दिसत नाही?"

"एक बाजू पाच मिलिमीटर पुढे असली तर नाही दिसत. पण गाडी तिरकी चालते, स्टिअरिंग कायम एका बाजूला धरावं लागतं."

"मग धरायचं!"

यावर काय बोलणार? मी खालच्या लिंकांकडे वळलो. त्या जमिनीला समांतर हव्यात. पुढचं टोक ॲक्सलकडच्या टोकापेक्षा वर राहिलं, तर वळणावर गाडी कलली की बाहेरचं चाक मागे सरकतं, आतलं पुढे येतं, आणि गाडीचा पार्श्वभाग बाहेर फिरायला बघतो.

"तो आडवा दांडा तिरका लावा. मजबूत दिसेल."

दिसेल! पॅनहार्ड रॉड 900 मिमीचा आणि आडवा सपाट असेल, तर ॲक्सल 75 मिमी वर गेल्यावर बाजूला सरकतो साधारण 3 मिमी. तोच रॉड ॲक्सलच्या टोकाला आधीच 50 मिमी वर असेल, तर तेवढ्याच हालचालीत 7 मिमीहून जास्त. म्हणून रॉड जमेल तेवढा लांब आणि सपाट. एवढं सरकणंही सोसवत नसेल त्याने वॅट लिंकेज लावावं, म्हणजे ॲक्सलला जवळजवळ सरळ वर-खाली नेणारी दांड्यांची जुळणी. जेम्स वॅटने ती रचना 1784 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी काढली. त्याच्या डोक्याशी उभं राहून "तिरकं लावा" म्हणणारं कुणी होतं का, कोण जाणे.

हा सगळा हिशोब मी खालून सांगत होतो. वर शांतता होती. मला वाटलं, पटतंय. मग पान्याचा आवाज आला.

"हा नट सैल होता. घट्ट करून दिला."

तो वरच्या लिंकचा लॉकनट, म्हणजे लिंकची लांबी हलू नये म्हणून आवळायचा नट. त्या टोकाचे आटे उलटे. काकांनी "घट्ट" केला म्हणजे होता तोही सोडवला. मग नट पुढे फिरेना तसा पाना लिंकवर चढवून अख्खी लिंक एक फेरा फिरवली होती. लिंकच्या टोकांना आट्यांनी बसवलेला सांधा म्हणजे रॉड एंड. तो 16 मिमीचा, आटे दीड मिमीचे, एका टोकाला सुलटे, दुसऱ्याला उलटे: एका फेऱ्यात लांबी बदलते 3 मिमी. ॲक्सलवर वरच्या आणि खालच्या लिंकांत 200 मिमी अंतर, म्हणजे पिनियनचा, ॲक्सलमध्ये शिरणाऱ्या दातेरी शाफ्टचा, कोन जवळजवळ एक अंश ढळला. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन समांतर हवेत, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकूनही फिरणारे सांधे, सारख्याच कोनात राहतात. फरक पडला की प्रोपेलर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा हिसका देतो आणि वेग वाढला की सीट थरथरते.

"एका अंशाने काय होतंय?" काका म्हणाले. वर, "मिस्त्री असता तर एव्हाना ठोकून मोकळा झाला असता."

हे मात्र लागलं. हातोडा घेऊन आला की माणूस कारागीर, कोनमापक घेऊन बसला की रिकामटेकडा. शिवाय बिघडवून गेलेल्याला कुणी विचारत नाही. पिनियनला कोनमापक पुन्हा लावायचा मीच, लिंक फिरवायची मीच, रॉड एंडचे आटे निदान दीड व्यासाइतके आत आहेत ना, हेही मीच बघायचं.

आता प्रत्येक लॉकनटवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली आहे. नट हलला की रेघ तुटते आणि लगेच कळतं. काकांनी काल वाकून पाहिलं.

"एवढाच लावलात? रंग संपला का?"