गळ टाकायला प्रतिष्ठा लागत नाही

गळाने मासे धरायला काय काय लागतं, असं मला कुणी ना कुणी विचारतंच. वेळूची काठी, नायलॉनचा दोरा, दोन-चार गळ, जरासं शिसं, मासा लागल्याची खूण द्यायला पाण्यावर तरंगणारा मोरपिसाचा दांडा आणि घरातली कणीक. एवढं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्याने मोबाईलवर कार्बनचा रॉड, जपानी रीळ, बारा खिशांचं जाकीट असं सगळं आधीच बघून ठेवलेलं असतं. ज्याला परवडतं त्याने खुशाल घ्यावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एवढा खर्च केल्याशिवाय पाण्याकाठी बसताच येत नाही, असं आपल्या पोरांना वाटायला लागलंय, त्याचं मला वाईट वाटतं.

त्याहून जास्त खुपते ती या छंदातली उच्चनीचता. ट्राउट म्हणजे खानदानी, महसीर म्हणजे मर्दानी, आणि आपली चिलापी म्हणजे कचरा. पिसं आणि रेशीम गळावर गुंडाळून केलेल्या खोट्या माशीवर धरला तर तो खेळ, कणकेच्या गोळीवर धरला तर नुसतं पोट भरणं. हे मी तोंडावर ऐकलंय, आणि तेही सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या बांधावर.

ट्राउटशी माझं भांडण नाही. उलट हिमाचलात तीर्थन नदीवर रीतसर परवाना काढून मी ट्राउटमागे फिरलोय, आणि तो मासा मला मनापासून आवडतो. ट्राउट दगडाच्या आडोशाला, तोंड प्रवाहाकडे करून एका जागी उभा राहतो आणि वाहत येणारा किडा अलगद टिपतो. तो उभा कुठे असेल हे पाण्याच्या वळशांवरून ओळखायचं, यातच सगळी मजा आहे. हातात आला की तपकिरी अंगावरचे लाल ठिपके दिसतात, प्रत्येकाभोवती फिकट कडं. पटकन बघायचं आणि ओल्या हातानेच पाण्यात सोडायचं, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पण हा मासाही मूळचा हिमालयातला नव्हे. 1900 च्या सुमारास ब्रिटिशांनी त्याची अंडी जहाजातून आणून काश्मीरच्या ओढ्यांत वाढवली, मग तो हिमाचलात गेला. पाणी वीस अंशांच्या वर तापलं की तो कासावीस होतो. मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश सोसणाऱ्या सोलापुरात तो कधीच येणार नाही, आणि न येवो. जे पाणी ज्याचं, ते त्याचं.

मोठेपणाचं हे वेड तिकडचंच आहे. इंग्लंडात एके काळी असा दंडक होता की माशी पाण्यावर तरंगणारीच हवी, बुडणारी वापरणं सभ्य माणसाला शोभत नाही. 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर वाद झडला. ट्राउट आपलं बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो, त्याला कुणी विचारलं नाही.

आणि जपानातली गोष्ट ऐका. तिथल्या डोंगराळ भागात टेंकारा नावाची जुनी पद्धत आहे. लांब बांबूची काठी, रीळ नाही, दोरा थेट शेंड्याला बांधलेला, पुढे एक साधी माशी. डोंगरातली माणसं असे मासे धरून सराईवाल्यांना विकायची, पोटासाठी. 2009 च्या सुमारास ही पद्धत अमेरिकेत पोचली, आणि आता त्याच साधेपणाच्या काठ्या भारी किमतीला विकल्या जातात. आमच्याकडची म्हातारी माणसं वेळूच्या शेंड्याला दोरा बांधून आयुष्यभर हेच करत आली. त्यांना कुणी कलाकार म्हटलं नाही. मी म्हणतो.

हिप्परग्याचा तलाव, म्हणजे कागदोपत्री एकरूख, 1871 साली अदिला नदीवर बांध घालून झाला. तुळजापूर रस्त्याने जाताना दिसतो तो. तिथे तासन्‌तास बसणाऱ्या एका मामांकडून मी दांडा वाचायला शिकलो. चिलापी आली की दांडा टिकटिक थरथरतो, गोळी कुरतडून जाते आणि गळ रिकामा राहतो. रोहू आला की दांडा सावकाश एका बाजूला सरकायला लागतो. कटला वरच्या थरात खातो, त्याच्यासाठी गळ उथळ ठेवावा लागतो. मृगळ तळाशी खातो, आणि त्याची खूण सगळ्यात सुंदर. तो गोळीबरोबर शिसं उचलतो, म्हणून दांडा बुडत नाही, उलट वर येतो आणि पाण्यावर आडवा पडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, दोरा तुटला. मामा म्हणायचे, "घाई करू नको, त्याला खाऊ दे की निवांत." शेंगदाण्याची पेंड कणकेत किती मिसळायची, हे त्यांच्या हाताला कळायचं. हे ज्ञान कुठल्या दुकानात मिळतं, सांगा.

चिलापीबद्दलही बोलतो. ही मूळची आफ्रिकेतली, 1952 साली भारतात आणलेली. उजनीत तिने देशी माशांची जागा खाल्ली, हे खरं आहे आणि ते दुःखाचं आहे. पण त्यात तिचा काय दोष? नर उथळ पाण्यात ताटासारखा खड्डा करतो आणि राखत बसतो. मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते, पिल्लं झाल्यावरही भीती वाटली की त्यांना तोंडात घेते. असा जीव बघून कुणाला कचरा म्हणवतं कसं?

दुकानदारी आता काठावरही पोचली आहे. तासावर पैसे घेऊन, कोंडलेल्या तळ्यात हमखास मासा देणारी ठिकाणं निघालीत. रीलसाठी मासा कल्ल्यात बोटं घालून पाच-पाच मिनिटं उन्हात धरतात, मग 'सोडला' म्हणून टाळ्या घेतात. मासा लागणारच असेल तर बसायचं कशाला? न लागण्याची शक्यता हाच तर या खेळाचा जीव आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. पोटासाठी जाळं टाकणारे भोई आणि आपण, यांत पाण्यावर हक्क आधी त्यांचा. तलावांचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना विचारून बसा, त्यांच्या जाळ्यांपासून लांब बसा. पावसाळ्यात पोटात अंडी असलेली मादी लागली तर सोडून द्या. तुटलेला नायलॉन खिशात घालून घरी न्या, तो पाणपक्ष्यांच्या पायात गुंततो आणि पाय कापतो. घरी एका वेळेच्या कालवणापुरता मासा नेलात तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. खाण्यासाठी धरलेला मासा कमी दर्जाचा, हे म्हणणारे खुशाल म्हणोत.

ज्यांना यायचं आहे त्यांनी खाली लिहा. काठी माझ्याकडे जास्तीची आहे. येताना टोपी, पाण्याची बाटली आणि कणीक आणा, स्पीकर घरी ठेवा. लहान पोरं असतील तर जरूर आणा, त्यांना दांडा मोठ्यांपेक्षा लवकर वाचता येतो.