भावाची एक्सेल शीट आणि मध्यरात्रीचा ट्रिप

आज सकाळी मामेभावाचा फोन. "ताई, पोरगी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच म्हणतेय, तू तरी समजाव." समजाव म्हणजे तिचं डोकं ठिकाणावर आण. फोन ठेवते न ठेवते तोच एक्सेल शीट येऊन पडली. चार वर्षांची फी, राहण्याचा खर्च, कर्जावरचं व्याज, त्या चार वर्षांत नोकरी केली असती तर मिळाला असता तो पगार, सगळं मांडलेलं. शेजारच्या रकान्यात कम्प्युटर सायन्सचे आकडे. आणि तळाला लाल अक्षरांत 'पेबॅक पिरियड', म्हणजे घातलेले पैसे किती वर्षांत वसूल होणार. पोरगी आहे की नवीन कॉम्प्रेसर?

डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. त्याला फोनवर नीट बोलता आलं नाही.

माझ्या पहिल्या नोकरीतली एक रात्र सांगते. तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल, पुन्हा ऐका. नवा कोरा ट्रान्सफॉर्मर चार्ज करायचा होता. ब्रेकर बंद केला, म्हणजे जोडून वीज सोडली, की डिफरेन्शियल रिले ट्रिप. हा रिले आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह ताडून बघतो, आणि फरक दिसला की ब्रेकर तोडतो. थोड्या वेळाने पुन्हा, पुन्हा ट्रिप. रात्रीचा एक वाजलेला. ग्राहकाची माणसं म्हणायला लागली, माल खराब आहे, परत पाठवा. आमचे फोरमन, वीस-पंचवीस वर्षं याच कामात मुरलेले, म्हणाले, "मॅडम, अजून एकदा मारा. राहील."

मी नाही मारला. रिलेतून प्रवाहाचं रेकॉर्ड काढलं आणि लाटा बघत बसले. ट्रान्सफॉर्मर रिकामा, म्हणजे भार न जोडता, चार्ज करताना गाभा संपृक्त होतो, त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि काही क्षण पूर्ण भाराच्या कित्येक पट प्रवाह ओढला जातो. तो एकाच बाजूने आत येतो, दुसऱ्या बाजूने काहीच बाहेर पडत नाही, म्हणून रिलेला वाटतं आत फॉल्ट आहे. पण त्या प्रवाहात दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ लाटेच्या दुप्पट वारंवारतेचा भाग, भरपूर असतो, आणि तो दिसला की रिलेने गप्प बसायचं असतं. आमचा रिले २० टक्क्यांच्या सेटिंगला होता, म्हणजे तो भाग त्याच्या वर असला तरच गप्प बसणार. रेकॉर्डमध्ये एका फेजला त्याहून बराच कमी निघाला. हल्लीच्या चांगल्या पोलादाच्या गाभ्यांत तो कमी येतो, हे वर्गात कधीतरी कानावरून गेलेलं. मग सगळ्या चाचण्या पुन्हा घेतल्या, इन्शुलेशन बघितलं, वरिष्ठांना झोपेतून उठवून सेटिंग खाली आणायची परवानगी घेतली. उजाडता उजाडता ब्रेकर बंद केला. राहिला.

फोरमन म्हणाले, "मी म्हणालोच होतो, राहील."

आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या वेळी तसाही राहिला असता कदाचित. व्होल्टेजच्या लाटेवर नेमक्या कुठल्या क्षणी ब्रेकर लागतो आणि गाभ्यात आधीचं किती चुंबकत्व उरलंय, यावर ते असतं. त्या रात्रीचा त्यांना डबल ओव्हरटाइम मिळाला, मला शून्य. त्या महिन्यात त्यांच्या हातात माझ्यापेक्षा जास्त पैसे पडले. हा घ्या भावाच्या शीटला मोठा पुरावा.

हो, मान्य आहे. सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीचा पगार बहुतेक वेळा जास्त असतो. माझ्या वर्गातले अर्धे तिकडेच गेले आणि माझ्याआधी घरं घेऊन बसले. पण ते गेले कशाच्या जोरावर? फूरिये-लाप्लासचं गणित, कंट्रोल, सिग्नल हे सगळं डोक्यात चार वर्षं कोंबलेलं होतं म्हणून गेले. इलेक्ट्रिकलवाला कोडिंगकडे वळलेला दर दुसऱ्या ऑफिसात सापडतो. कोडिंगवाला रिले सेट करायला आलेला मी अजून पाहिलेला नाही. शीटमध्ये या एकतर्फी दाराला रकाना आहे का? नाही.

बरं, ज्या सर्व्हरवर तुमचं सगळं चालतं त्याच्या पाठीमागे काय आहे? १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. तारा तापून खाली झुकल्या, वाढलेल्या झाडांना टेकल्या, आणि त्याच वेळी कंट्रोल रूममधलं अलार्मचं सॉफ्टवेअर गुपचूप बंद पडलेलं होतं. झाड आणि सॉफ्टवेअर दोघांनी मिळून हा पराक्रम केला. ग्रिड पुन्हा उभी करायला कोण लागलं असेल, ते सांगायला नको. आणि आज मोठा ट्रान्सफॉर्मर मागवा बघू, हातात पडायला वर्षं जातात. गाड्या विजेवर, डेटा सेंटर विजेवर, सौर आणि पवनऊर्जा ग्रिडला जोडायची, आणि त्यात पोरीला म्हणायचं या शाखेत आता काही राहिलं नाही!

मघाशी उठून गॅलरीत चार फेऱ्या मारून आले. जरा शांत झालेय.

भावावर एवढं चिडायला नको होतं. कर्ज त्याच्या डोक्यावर येणार आहे. माझं कर्ज फिटायला सात वर्षं लागली. सात. पहिली दोन वर्षं हप्ता गेला की उरायचं ते मोजायलाही नको वाटायचं. बाबा विचारायचे, "पुरतात ना गं?" आणि मी हो म्हणायचे. हे मी आजवर इथे कधी लिहिलं नाही, कारण यशस्वी इंजिनीअर बाईने असलं लिहायचं नसतं. तेव्हा शीट कुणी दाखवली असती तर मीही लाल आकडा बघून गप्प झाले असते. एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त होत असेल तर मीही दोनदा विचार करायला सांगेन, शाखा कुठलीही असो.

पण मग राग काढायचा तर कॉलेजांवर काढा ना! माझ्या कॉलेजात प्रयोगशाळेतल्या चार मोटारींपैकी दोन जळालेल्या, आणि उरलेल्या जळतील म्हणून हात लावू देत नव्हते. प्रयोगवह्या मागच्या बॅचच्या उतरवायच्या, चुकांसकट. एका वर्षी तर पॉवर फॅक्टर, जो एकाच्या वर जाऊच शकत नाही, तो एकाच्या वर निघाला होता, तोही सगळ्या वर्गाचा, आणि सरांनी सही केली! ही फी कशाची घेता? म्हणून भावाला एवढंच सांगितलं, की रँकिंग नंतर बघ, आधी लॅबमध्ये जाऊन बघ मशीन फिरतायत का. आणि कोर्सची मान्यता बघ. १९८९ चा वॉशिंग्टन करार त्यासाठीच आहे, की एका देशातली मान्यताप्राप्त इंजिनीअरिंग डिग्री दुसऱ्या सदस्य देशात ओळखली जावी. बऱ्याच ठिकाणी डिझाइनवर सही करण्याचा परवाना त्या कागदावर अडतो. तो नसला तर माझ्या फोरमनसारखा पन्नाशीतला जाणकार माणूसही शेवटी कालच्या पोरीला "मॅडम, सही" म्हणतो. हे मला आवडत नाही, पण आहे.

आता कमेंटमध्ये कुणीतरी फॅरेडे आणणार. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस, कसली डिग्री नाही, आणि १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकत्वातून वीज, शोधून बसला. ऑलिव्हर हेव्हिसाइडने सोळाव्या वर्षी शाळा सोडली, तारखात्यात काम केलं, आणि मॅक्सवेलची वीज आणि चुंबकत्वाची समीकरणं आज आपण ज्या चार ओळींत शिकतो त्या रूपात आणली. ठीक आहे. तुमच्या घरी फॅरेडे असेल तर फी वाचवा.

माझ्या घरी नव्हता. मला बसवून, रडवून शिकवावं लागलं.

त्या फोरमनचा काही वर्षांनी फोन आला होता. दुसरी साइट, दुसरा ट्रान्सफॉर्मर, तोच ट्रिप. "मॅडम, तो टक्का तेव्हा किती ठेवला होता?" मी म्हटलं, टक्का राहू द्या, आधी रेकॉर्ड पाठवा. या वेळी लाटा वेगळ्या होत्या. दोन उंचवट्यांच्या मधे सपाट जागा असते, ती नव्हती. दुसरा हार्मोनिक जवळजवळ नाहीच. म्हटलं, हात लावू नका, बुखोल्झ रिले बघा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तेलात आतल्या फॉल्टने तयार झालेला गॅस पकडणारा. गॅस जमला होता. आत खरोखरचा फॉल्ट. टक्का सांगितला असता आणि त्यांनी "अजून एकदा" मारला असता तर काय झालं असतं, ते त्यांनाही कळलं. बराच वेळ फोनवर कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "त्या रात्रीसुद्धा तुम्ही हेच बघत होता का?"

हो, हेच बघत होते. हे शीटमध्ये कुठल्या रकान्यात घालू, मला खरंच कळत नाहीये. त्या फोनचे मला पैसे मिळाले नाहीत, त्यामुळे बहुतेक शून्यच.

हे टाइप करता करता भाचीचाच मेसेज आला. बापाने नंबर दिला असणार, मी तिला समजावेन या आशेने. लिहिलंय, "आत्या, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो आवाज ५० हर्ट्झचा असतो का? मी फोनच्या अ‍ॅपवर मोजला तर १०० दाखवतंय. अ‍ॅप बिघडलंय का?"

अ‍ॅप बरोबर आहे, पोरी. लाट वर गेली काय आणि खाली गेली काय, लोखंडाला दिशेचं पडलेलं नसतं, ते दोन्ही वेळा ताणलं जातं. म्हणून दुप्पट. ६० हर्ट्झच्या देशात असतीस तर १२० आला असता.

भावाला रात्री फोन करेन. आधी हिला चित्र काढून पाठवते.