फोनला वेगळा व्हीलॅन दिला म्हणून आवाज तुटायचा थांबत नाही

बेळगाव-खानापूरकडच्या व्यापारी ग्रुपवर, नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनबद्दल (आयपी फोन), एक मेसेज फिरतोय: ‘आयपी फोनना वेगळा व्हीलॅन द्या, आवाज तुटणं कायमचं बंद.’ हे अर्धंच खरं आहे.

व्हीलॅन म्हणजे एकाच नेटवर्कचा सेटिंगनं पाडलेला वेगळा भाग. तो फोन आणि कॉम्प्युटर वेगळे करतो, तेवढंच. राउटरकडे जाणारी केबल दोघांची एकच राहते. आधी कोण जाणार, हे प्राधान्यानं ठरतं आणि ते वेगळं सेट करावं लागतं: आवाजाच्या पॅकेटवर (डेटाच्या तुकड्यांवर) डीएससीपी ४६, म्हणजे ‘याला आधी सोडा’ अशी खूण हवी, आणि स्विच (फोन-कॉम्प्युटरच्या केबल जिथं जोडतात तो डबा) व राउटर दोघांनीही ती मानायला हवी.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी हे स्वतः पाहिलं. व्हीलॅन चोख होता. तरी ऑफिसातून मोठं ड्रॉइंग अपलोडला लागलं की समोरच्याला ‘ह… लो’ एवढंच ऐकू जायचं. जी.७११ या आवाज पाठवायच्या पद्धतीत एका कॉलला एका दिशेनं सुमारे ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) इतकेच लागतात, म्हणजे लाइन कमी नव्हती, रांग लागत होती. राउटरवर अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा जराशी खाली आणली, आवाजाला पहिली रांग दिली, आणि तेच ड्रॉइंग पुन्हा चढवत फोन लावला. आवाज स्वच्छ. मर्यादा घातली नाही तर रांग पुढे मोडेममध्ये लागते, आणि तिथं आपलं प्राधान्य कुणी विचारत नाही.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी कृपया हेही त्याच ग्रुपवर टाकावं.