अंदाजे चार थेंब

आमच्या घरात तेल मोजायची पद्धत नाही. फोडणीला पळीभर, लोणच्याला बुडेल इतकं, डोक्याला मुरेल तितकं आणि समईत वात भिजेल एवढं. सासूबाईंनी मला हीच मापं दिली, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी दिली होती, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. अशा घरात निवृत्त झालेल्या माणसाला इसेन्शियल ऑइलचा, म्हणजे फुलापानांतून काढलेल्या उग्र, सुगंधी तेलांचा नाद लागला की काय होतं, ते मी सध्या बघते आहे. बघते म्हणण्यापेक्षा हुंगते आहे.

हे एका रविवारी कुठल्याशा कार्यशाळेला गेले आणि संध्याकाळी लाकडी पेटी घेऊन आले. आत करंगळीएवढ्या बाटल्यांची रांग. लव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंट, लिंबू, संत्रं, गवती चहा, निलगिरी आणि मधोमध मानाच्या जागी गुलाब. "शुद्ध आहे हां, अडीचशेला दहा मिली," हे म्हणाले.

माझा अर्धा जन्म औषधाच्या दुकानात काउंटरमागे गेला. अडीचशे आणि शुद्ध हे दोन शब्द एका वाक्यात आले की माझी भुवई आपोआप वर जाते. एक किलो गुलाबाच्या तेलाला साधारण तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे त्या चिमुकल्या बाटलीसाठी तीसेक किलो. दादरच्या फूलबाजारात पहाटे जाऊन अडीचशे रुपयांत तीस किलो पाकळ्या मागून बघा. फूलवाला पाकळ्या देणार नाही, पण दिवसभर तुमची गोष्ट सांगत बसेल. बाटलीवर झाडाचं शास्त्रीय नाव नसेल आणि नुसतंच 'फ्रॅग्रन्स' लिहिलेलं असेल, तर आत बहुधा वास आहे, तेल नाही. हे मी सांगितलं. यांनी बाटली हुंगून "मला तर गुलाबच वाटतोय" असा निकाल दिला.

कार्यशाळेत यांना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गात्फोसे यांची गोष्टही मिळाली होती. प्रयोगशाळेत हात भाजला, शेजारी लव्हेंडरचं भांडं होतं, त्यात हात बुडवला आणि चमत्कार झाला! प्रत्यक्षात 1910 च्या त्या स्फोटानंतर गात्फोसे आधी हिरवळीवर लोळले होते. लव्हेंडर आलं ते नंतर, जखमा चिघळल्यावर. पण चमत्काराला घाई असते, आणि आमच्या यांनाही.

खरा वाद झाला तो मापावरून. ही तेलं अंगाला नुसती लावायची नसतात, खोबरेल, तीळ किंवा बदाम तेलात मिसळायची. मी हिशोब मांडून दिला. एका मिलीत साधारण वीस थेंब. तीस मिली खोबरेलात बारा थेंब टाकले की दोन टक्के होतात. मोठ्या माणसाच्या अंगाला तेवढं पुरे, चेहऱ्याला त्याच्याही निम्मं. नवीन तेल असेल तर आधी हाताच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावून एक-दोन दिवस वाट बघायची.

"बारा थेंब? अगं, त्याने वास तरी येईल का?"

"औषध आहे ते, रस्सा नाही."

"नैसर्गिक आहे गं. थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं?"

"बिब्बा पण नैसर्गिकच आहे. लावू का थोडा जास्त?"

त्यानंतर पेपरमिंट झालं. उन्हाळ्याचे दिवस होते. यांनी आंघोळीच्या बादलीत अंदाजे चार थेंब टाकले. अंदाजे अशासाठी, की बाटलीतून थेंब थेंब सोडणारं प्लास्टिकचं बूच "फार अडतं" म्हणून यांनी आदल्याच दिवशी चिमट्याने उपटून काढलं होतं. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. तांब्या बुडवला की पहिल्याच तांब्यात सगळा ऐवज येतो आणि तो थेट अंगावर, अंगावरून जिथे जिथे उतरायचा तिथे तिथे उतरतो. आतून आवाज आला, "अगं, गीझर बंद पडलाय का?" पाणी कढत होतं. पण मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या नसांनाच फसवतं, त्यामुळे मे महिन्यात हे बाथरूममध्ये कुडकुडत होते. मग कुडकुडण्याची जागा आगीने घेतली आणि आवाज वरच्या पट्टीत गेला.

"पाणी ओतू नका!" मी बाहेरून ओरडले. "पाण्याने पसरतं!" दार बोटभर उघडलं, त्यातून मी खोबरेलाची बाटली आत सरकवली. आधी खोबरेल चोळून पुसायचं, मग साबण. "कुठे चोळू?" असा प्रश्न आला. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू जिन्यात उभ्या होत्या, म्हणून मी उत्तर दिलं नाही.

वन्संचं प्रकरण याहून नाजूक. त्या आठवडाभर राहायला आल्या होत्या. यांनी बहिणीला प्रेमाने लिंबाचं तेल दिलं, अत्तरासारखं गळ्याला लावायला. सालं दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलात उन्हाशी वैर असलेली द्रव्यं असतात, बर्गामोट या लिंबाच्या भावकीतल्या फळाच्या तेलात तर जास्तच. ते लावून निदान बारा तास ती जागा उन्हात न्यायची नसते. वन्सं ते लावून थेट गच्चीवर सूर्यनमस्कार घालायला गेल्या. सूर्याने नमस्कार पोचल्याची पावती दुसऱ्या दिवशी दिली. गळ्याच्या दोन्ही बाजूंना, बोटं फिरली होती अगदी तिथेच, लालबुंद पट्टे. पुढे ते तपकिरी झाले आणि कित्येक आठवडे टिकले. वन्संचे यजमान त्यांना न्यायला आले, तेव्हा लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्याचं कारण त्या बिचाऱ्यांना अजून कळलेलं नाही.

डिफ्युझर, म्हणजे तेलाचा वास हवेत सोडणारं यंत्र, त्याबद्दल थोडक्यात सांगते. अर्धा तास लावायचा आणि खिडकी किलकिली ठेवायची. आमच्याकडे एसी लावून, दारं-खिडक्या बंद करून तो रात्रभर चालला आणि सकाळी घरातली तीन डोकी ठणकत उठली. ज्याचं डोकं ठणकत होतं त्याला लगेच लव्हेंडर हुंगवण्यात आलं.

एका बाबतीत मात्र मी आवाज चढवला, आणि तिथे मला थट्टा सुचत नाही. नातू आला होता, दीड वर्षाचा, नाक चोंदलेलं. हे रुमालावर निलगिरी टाकून त्याच्या नाकाशी न्यायला निघाले. इतक्या लहान बाळाच्या नाकाजवळ निलगिरी, पेपरमिंट, कापूर न्यायचंच नाही, श्वास अडखळू शकतो. आणि ही तेलं पोटात गेली तर चमचाभर निलगिरीनेही मुलाला झटके येऊ शकतात, कापराचंही तसंच. असं कधी झालं तर उलटी काढायला बसू नये, बाटली बरोबर घेऊन सरळ हॉस्पिटल गाठावं. मी रुमाल हिसकावून घेतला. हे दुखावले. म्हणाले, "आमच्या आईने नाही का आम्हाला अमृतधारा दिली?"

दिली ना. सासूबाई कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल एका बाटलीत घालून ठेवायच्या. तीन कोरडे खडे एकमेकांना भेटले की आपोआप पाणी होतात, ते बघायला सगळी मुलं ओट्याभोवती जमायची. पण ती बाटली सासूबाई देवघराच्या वरच्या फळीवर ठेवायच्या, आणि मोठ्या माणसाचं पोट दुखलं तर बत्ताशावर थेंब मोजून द्यायच्या. त्यांनी आयुष्यात मोजून दिलेलं तेवढं एकच. अंदाजाची बाई होती, पण अंदाज कुठे चालत नाही हे तिला कळायचं. मुलाने तिची पळी उचलली, फळी विसरला.

मांजरांचीही एक गंमत आहे, म्हणजे मांजराच्या बाजूने बघितलं तर नाही. टी ट्रीसारखी तेलं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि अंगाला लागलेलं ते चाटणारच. सोसायटीतला बोका आमच्या बाल्कनीत झोपतो. त्याच्या पिसवांवर यांनी टी ट्रीचा उपाय योजला होता. बोका पळाला. घरात मला साथ देणारा तेवढा एकच.

आणि मग मखर. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, त्याच्या आधी यांनी ब्लेडने कोरून कोरून केलेलं, बारा कमानींचं. वापरता येत नाही आणि टाकवत नाही, म्हणून जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर. पेटी माझ्या नजरेस पडू नये म्हणून हल्ली यांनी तीही तिथेच, मखराच्या वर ठेवली होती. संत्र्याच्या बाटलीचं झाकण सैल राहिलं. संत्र्याच्या तेलात लिमोनीन असतं आणि लिमोनीन थर्माकोल विरघळवतं. गणपतीच्या आधी माळा आवरायला काढला, साडी उलगडली, तर डावीकडच्या पाच कमानी नाहीशा. त्या जागी संत्र्याच्या वासाचा चिकट पांढरा गोळा. हे बराच वेळ त्या गोळ्याला बोट लावून बघत होते. मग विचारलं, "हेच मी अंगाला लावत होतो?"

त्या दिवशी पेटी लोखंडी कपाटात गेली आणि किल्ली माझ्या कमरेला आली. आता कुणाला काही हवं असलं की कपाटापाशी यायचं. कशासाठी, कुणासाठी, वय काय, दमा आहे का, उन्हात जायचंय का, सगळं विचारून मी ड्रॉपरने थेंब मोजून देते. हे रोज रात्री उशीवर शिंपडायला लव्हेंडर न्यायला येतात.

"दोन थेंब."

"चिठ्ठी आहे?"

"नाही."

"मग एकच मिळेल."

"बरं, एक द्या," हे म्हणतात, "आणि गुलाबाची ती बाटली दुकानात परत घेतात का, तेवढं बघा."

"उघडलेला माल परत घेत नाही," मी सांगते, आणि कपाट लावते.