‘मैलांचा वर्ग गुणिले आठ इंच’: सपाट पृथ्वीच्या दाव्याचा प्रतिवाद

पृथ्वी सपाट असल्याचे ‘गणिताने सिद्ध’ करणारा एक संदेश समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. अंतराच्या मैलांचा वर्ग करून त्याला ८ इंचांनी गुणले की येईल तेवढा भाग गोल पृथ्वीवर क्षितिजाखाली दडायला हवा, पण दूरच्या वस्तू तर दिसतात. शिवाय दिसेनाशी झालेली बोट कॅमेऱ्याच्या झूमने परत दिसते. सबब वक्रता नाहीच, असा त्याचा युक्तिवाद आहे.

यातील ८ इंचांचा आकडा खोटा नाही. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून अंतराच्या वर्गाला तिच्या दुपटीने भागले की पहिल्या मैलाला तेवढाच उतार निघतो. मात्र पाहणाऱ्याचा डोळा पाण्याच्या पातळीला टेकलेला असेल तरच हे सूत्र जसेच्या तसे लागू पडते. डोळा २ मीटर उंचीवर असेल, तर क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असते (मीटरमधील उंचीचे वर्गमूळ गुणिले ३.५७) आणि वस्तू दडू लागते ती त्यापुढे. त्यामुळे २० किलोमीटरवरील दीपगृहाचा संदेशानुसार ३१ मीटर भाग लपायला हवा असला, तरी उरलेल्या १५ किलोमीटरांचाच वर्ग घेतला की साडेसतरा मीटर येतात. तोच माणूस ५० मीटर उंच कड्यावर गेला, तर क्षितिज २५ किलोमीटरवर सरकते आणि दीपगृह पायथ्यापासून दिसू शकते. संदेश पुढे पाठवण्याआधी एखादा कडा चढून पाहायला कोणाचीच हरकत नव्हती.

झूमचा मुद्दा किरकोळ आहे. लहान झाल्यामुळे न दिसणारी बोट भिंगाने मोठी होऊन दिसते. क्षितिजाआड गेलेला तिचा खालचा भाग कितीही झूम केले तरी वर येत नाही. कधी हिशेबापेक्षा थोडे अधिक दिसते, हे मात्र खरे आहे. हवेची घनता वर विरळ होत गेल्याने प्रकाशकिरण खाली वाकतात (याला अपवर्तन म्हणतात) आणि वक्रतेचा साधारण सातवा हिस्सा भरून काढतात. थंड पाण्यावर हा परिणाम कितीतरी वाढतो.

वक्रता आणि अपवर्तन या दोन्हींच्या हिशेबाची कसोटी हिमालयात लागली आहे. १८४९-५० मध्ये भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील मोजणीदारांनी बिहारच्या मैदानातून, सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवरून, ‘शिखर क्रमांक १५’चे, म्हणजे आजच्या एव्हरेस्टचे, उन्नतकोन (क्षितिजरेषेपासून वरचे कोन) थिओडोलाइट या कोनमापक दुर्बिणीने मोजले. त्यावरून उंची काढण्याच्या गणितात सर्वेक्षणातील गणितज्ञ राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. तेवढ्या अंतरावर वक्रतेमुळे सुमारे २,४०० मीटर उंची झाकली जाते आणि अपवर्तन त्यातील साडेतीनशेच्या आसपास परत देते. पृथ्वी सपाट मानून अंतर आणि कोनाचा स्पर्शक (टॅन्जंट) यांचा नुसता गुणाकार केला असता, तर एव्हरेस्ट सुमारे दोन हजार मीटरने ठेंगणे ठरले असते. वक्रता आणि अपवर्तन हिशेबात धरून १८५६ मध्ये जाहीर झालेली उंची २९,००२ फूट होती. २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीनंतर जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट आहे. वक्रता नसताना हे दोन आकडे तीस फुटांच्या फरकाने कसे जुळले, याचा खुलासा त्या संदेशात कोठेही सापडत नाही.